थकलेली स्क्वाड्रन आणि खचलेली स्क्वाड्रन: ‘वॉर इन द पॅसिफिक’मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नियोजन

‘वॉर इन द पॅसिफिक: अ‍ॅडमिरल्स एडिशन’ हा दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक आघाडीवरचा, २००९ साली आलेला संगणकीय युद्धखेळ मराठवाड्यात खेळणारी मंडळी मोजकी असली, तरी जी खेळतात ती वर्षानुवर्षे खेळतात. लातूरचा खेळाडू जपानची बाजू घेतो, परभणीचा दोस्त राष्ट्रांची, आणि रोज एकेक चाल ई-मेलने इकडून तिकडे जात राहते. एक चाल म्हणजे युद्धाचा एक दिवस, आणि मुख्य मोहीम डिसेंबर १९४१ पासून थेट १९४६ पर्यंत चालते. इतक्या लांबच्या खेळात नवख्या खेळाडूचे लक्ष जहाजे, इंधन आणि रसद यांच्याकडे लागलेले असते. सुरुवातीच्या काही महिन्यांनंतर मात्र त्याला एक विचित्र अनुभव येऊ लागतो. तळावर सत्तावीस बॉम्बफेकी विमाने उभी असतात, बॉम्ब असतात, पेट्रोल असते, लक्ष्यही टप्प्यात असते, आणि तरीही सकाळच्या हल्ल्यात केवळ सहा विमाने झेपावतात. त्यांतलीही दोन परत येताना कोसळतात. शत्रूने फारसे काही केलेले नसते. आपल्याच माणसांची ताकद आपण संपवलेली असते.

या लेखात ती ताकद कशी मोजावी, कशी खर्चावी आणि कशी भरून काढावी, याची पद्धत क्रमाने दिली आहे. माझे मत आधीच नोंदवतो: विश्रांती ही मोहीम आटोपल्यावर उरलेल्या दिवसांत द्यायची गोष्ट नव्हे. कोणती स्क्वाड्रन (म्हणजे विमाने आणि वैमानिक यांची तुकडी) कोणत्या आठवड्यात विसावणार हे आधी ठरवावे, आणि मोहीम त्या वेळापत्रकात बसवावी. पुढे जे आकडे ‘मर्यादा’ म्हणून येतील ते माझ्या वापरातले आहेत; खेळाच्या गणितातील निश्चित उंबरठे म्हणून ते घेऊ नयेत.

पहिली पायरी: तीन आकडे वेगळे वाचणे

स्क्वाड्रनचा पडदा उघडल्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या दिसतात. वैमानिकाचा थकवा माणसागणिक नोंदलेला असतो. विमानाचा थकवा हा यंत्राचा असतो. तो वाढला की विमान देखभालीसाठी जमिनीवर राहते, आणि ते किती दिवस राहील हे त्या विमानाच्या सर्व्हिस रेटिंगवर (देखभाल किती अवघड हे सांगणाऱ्या आकड्यावर) आणि तळावरील तंत्रज्ञांच्या संख्येवर अवलंबून असते. तिसरा आकडा मनोधैर्याचा, आणि तो संपूर्ण स्क्वाड्रनचा असतो. उड्डाणांची संख्या घटली म्हणजे वैमानिक दमले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. पुष्कळदा माणसे ताजीतवानी असतात आणि विमाने दुरुस्तीत अडकलेली असतात. अशा वेळी स्क्वाड्रन मागे नेण्याऐवजी तळावर तंत्रज्ञांचे पथक आणणे हाच उपाय असतो.

वैमानिकांच्या थकव्याची सरासरी पाहून थांबणे ही सर्वांत महागडी सवय आहे. सोळा वैमानिकांच्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये अकरा जणांचा थकवा ९ आणि पाच जणांचा ५० असेल, तर सरासरी साधारण २२ येते. २२ हा आकडा पाहून कोणीही निर्धास्त होईल; पण ते पाच जण बहुतेक वेळा स्क्वाड्रनमधले सर्वांत अनुभवी असतात, आणि उद्या सकाळी धावपट्टीवर उतरताना विमान मोडून घेण्याची शक्यता त्यांचीच जास्त असते. म्हणून वैमानिकांची यादी उघडून ती थकव्याच्या क्रमाने लावावी आणि वरची पाच नावे पाहावीत. माझी मर्यादा अशी आहे: कोणाही एकाचा थकवा ३० च्या पुढे गेला की तो माणूस राखीव यादीत जातो आणि १० च्या खाली येईपर्यंत परत येत नाही. शेकडो स्क्वाड्रनच्या खेळात हे रोज करणे अशक्य आहे, हे मान्य. आघाडीवरच्या तळांसाठी दर तिसऱ्या चालीला आणि मागच्या तळांसाठी पंधरवड्यातून एकदा ही पाहणी केली तरी पुरते.

दुसरी पायरी: थकवा कशाने चढतो हे ओळखणे

सर्वांत मोठे कारण अंतर आहे, आणि याचे इतिहासातले उदाहरण खेळाच्या नकाशावरच आहे. ७ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन सैन्य सॉलोमन बेटांतील ग्वाडलकनालवर उतरले, तेव्हा जपानचा मोठा हवाई तळ न्यू ब्रिटन बेटावरच्या रबाउलला होता. दोन्हींमधले सरळ अंतर एक हजार किलोमीटरहून थोडे अधिक आहे. जपानच्या झिरो या लढाऊ विमानाचा पल्ला इतका होता की ते जाऊन, थोडा वेळ लढून परत येऊ शकत होते. पण त्यासाठी वैमानिकाला एकट्याने सात-आठ तास अरुंद कॉकपिटमध्ये बसावे लागे. साबुरो साकाई हा नावाजलेला जपानी वैमानिक त्याच दिवशी डोक्याला गोळी लागून जबर जखमी झाला आणि जवळजवळ आंधळ्या अवस्थेत चार तासांहून अधिक उड्डाण करून रबाउलला परतला. त्याची जिद्द विलक्षण होतीच. पण नियोजनाच्या दृष्टीने पाहिले तर अशा अंतरावर किरकोळ बिघाड, थोडे खराब हवामान किंवा हलकी जखमही वैमानिक गमावायला पुरेशी असते. समोर हेंडरसन फील्डवरचा, म्हणजे ग्वाडलकनालच्याच धावपट्टीवरचा, अमेरिकन वैमानिक विमान मोडले तरी पॅराशूटने आपल्याच भूमीजवळ उतरत असे.

खेळात लांब पल्ल्याचे पर्याय हिरव्या झेंड्यासारखे समोर दिसतात म्हणून ते रोज वापरायचे नसतात. विस्तारित पल्ल्यावर बॉम्बचा भार घटतो, थकवा चढतो आणि अपघात वाढतात. तिन्ही तोटे एकाच वेळी होतात. म्हणून पल्ल्याची मर्यादा हाताने कमी करून ठेवावी. लढाऊ विमानांना जेवढ्या अंतरावरच्या लक्ष्यासाठी सोबत पाठवायचे आहे तेवढेच अंतर द्यावे, नाहीतर संगणक त्यांना अशा एखाद्या क्षुल्लक लक्ष्याकडे पाठवतो की डोक्याला हात लावायची वेळ येते.

दुसरे कारण सततची हवाई गस्त. ती एका दिवसात फार दमवत नाही, पण तिला सुट्टी नसते. तिसरे कारण हवामान, आणि इथे आपल्याकडच्या खेळाडूंची एक गफलत होते: मराठवाड्याचा पाऊस पाहून ते ब्रह्मदेशच्या पावसाचा अंदाज बांधतात. ब्रह्मदेशातील आराकानच्या किनाऱ्यावर आणि मणिपूरच्या डोंगरांत मे ते ऑक्टोबर ढग खाली उतरलेले असतात. मोहिमा ऐनवेळी रद्द होतात, ज्या होतात त्यांत वाट चुकणे आणि अपघात वाढतात. हे सहा महिने बॉम्बफेकी स्क्वाड्रनच्या विश्रांतीसाठी आणि प्रशिक्षणासाठी राखून ठेवावेत. वाहतुकीची विमाने मात्र चालू ठेवावी लागतातच. चौथे कारण प्रशिक्षण. शंभर टक्के प्रशिक्षणावर लावलेली स्क्वाड्रन विश्रांती घेत आहे असे समजणारे पुष्कळ जण भेटतात. प्रत्यक्षात तिचे वैमानिक रोज उडत असतात.

तिसरी पायरी: टक्केवारी लावणे

प्रत्येक स्क्वाड्रनसाठी गस्त, शोध, प्रशिक्षण आणि विश्रांती यांची टक्केवारी लावता येते. नवखा खेळाडू गस्तीला ७० किंवा ८० देतो आणि विश्रांतीचा रकाना शून्यावर ठेवतो. त्याऐवजी सोळा विमानांच्या स्क्वाड्रनला गस्त ४०, विश्रांती ३० आणि उरलेले ३० मोकळे, अशी मांडणी करून पाहावी. म्हणजे साधारण सहा विमाने गस्तीला, पाच विश्रांतीला आणि पाच सोबतीच्या किंवा अचानक उद्भवलेल्या कामासाठी राहतात. गस्त कमी वाटते, पण दहाव्या दिवशीही ती सहाच विमानांची राहते. ८० टक्क्यांची गस्त चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप त्याहून खाली घसरते आणि सोबत विमाने मोडते.

याला जोड म्हणून विमानांपेक्षा वैमानिक जास्त ठेवावेत. सोळा विमानांमागे वीस ते बावीस वैमानिक असतील तर दमलेल्या माणसाला राखीव यादीत टाकताना विमान रिकामे पडत नाही. जपानी बाजूने खेळणाऱ्याला ही चैन १९४२ नंतर परवडत नाही, ही त्या बाजूची खरी अडचण आहे. म्हणूनच त्याने ती सुरुवातीच्या महिन्यांत, चांगले वैमानिक हाताशी असताना, अंगवळणी पाडून घ्यावी.

पूर्ण विश्रांतीची आज्ञा म्हणजे ‘स्टँड डाउन’. ती एका दिवसापुरती देण्यात काही अर्थ नसतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण केली म्हणून बैलाच्या खांद्यावरचे वर्षभराचे ओझे उतरत नाही, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. वैमानिकांच्या बाबतीत मात्र ते विसरले जाते. सलग तीन दिवसांपेक्षा कमी ‘स्टँड डाउन’ मी देत नाही, आणि मनोधैर्यही खाली गेले असेल तर आठवड्यापेक्षा कमी नाही.

चौथी पायरी: तीन स्क्वाड्रनची पाळी

खरे काम इथे आहे. आघाडीवरच्या एका तळासाठी एकाच प्रकारच्या विमानांच्या तीन स्क्वाड्रन नेमाव्यात. पहिली आघाडीवर लढते, दुसरी थोड्या मागच्या तळावर हलकी गस्त आणि प्रशिक्षण करते, तिसरी खूप मागे पूर्ण विश्रांती घेते. दर दहा चालींनी एकेक पायरी सरकवावी. ब्रह्मदेशच्या आघाडीवर पुढचा तळ इंफाळ किंवा चितगावला, मधला बंगाल-आसामच्या मागच्या पट्ट्यात, आणि विश्रांतीचा तळ भारताच्या आतल्या भागात असावा. कोलकाता विश्रांतीसाठी सोयीचे वाटते, पण डिसेंबर १९४२ मध्ये खुद्द कोलकात्यावर जपानी बॉम्ब पडले होते, आणि खेळातला चलाख प्रतिस्पर्धी तेच करतो. ज्या तळावर गस्त ठेवावी लागते तो विश्रांतीचा तळ नव्हे.

विश्रांतीच्या तळावर रसद आणि तंत्रज्ञ पुरेसे असावेत, विमानांची गर्दी नसावी, आणि एखादे मुख्यालय जवळ असेल तर उत्तम. स्थलांतराचे उड्डाणही थकवते. लांबचा पल्ला असेल तर मध्ये एका तळावर मुक्काम घ्यावा. आघाडीवरून परतणाऱ्या स्क्वाड्रनला एका दमात देश ओलांडायला लावून वाटेत तीन विमाने घालवणे हा प्रकार दुर्मीळ नाही.

मधली पायरी गाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण तीनऐवजी दोन स्क्वाड्रनमध्ये भागल्यासारखे वाटते. या बाबतीत ब्रिटनच्या लढाईतला, म्हणजे १९४० मध्ये इंग्लंडवर जर्मन विमानांशी झालेल्या हवाई लढाईतला, एक प्रसंग मराठवाड्याच्या वाचकाला विशेष जवळचा वाटेल. त्या काळी आपले जिल्हे हैदराबाद संस्थानात होते, आणि निजामाच्या देणग्यांमुळे ब्रिटिश हवाई दलातील ११०, १५२ आणि २५३ या तीन स्क्वाड्रनना हैदराबादचे नाव मिळाले होते. संस्थानाच्या खजिन्यात शेतसारा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद येथूनही जात होता, तेव्हा त्या विमानांत आपल्याकडच्या ज्वारी-कापसाचाही काही वाटा होता असे म्हणायला हरकत नाही; दिला खुशीने की नाखुशीने, हा प्रश्न वेगळा. यांतली २५३ ही हरिकेन विमानांची स्क्वाड्रन १९४० च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या तुलनेने शांत भागात होती. २९ ऑगस्टला ती लंडनच्या दक्षिणेकडील केनली तळावर, ऐन लढाईच्या तोंडाशी, आणली गेली. ३१ ऑगस्टच्या एकाच दिवसात स्क्वाड्रन लीडर हॅरोल्ड स्टार मारले गेले आणि स्क्वाड्रन लीडर टॉम ग्लीव्ह विमानाला आग लागून भयंकर भाजले. म्हणजे दोन दिवसांत नेतृत्वच नाहीसे झाले. ही माणसे दमलेली नव्हती. विश्रांती घेतलेली स्क्वाड्रन आणि तयार स्क्वाड्रन यांत फरक असतो, आणि तो भरून काढायला मधली पायरी लागते. तिथे तिने दहा दिवस हलकी गस्त घालावी, शोध मोहिमा कराव्यात, नव्या वैमानिकांना जुन्यांसोबत उडवावे, आणि मगच पुढे सरकावे.

अशाच अनुभवांमुळे ब्रिटिश लढाऊ विमानांच्या फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांना सप्टेंबर १९४० मध्ये पद्धत बदलावी लागली. तोपर्यंत दमलेली संपूर्ण स्क्वाड्रन मागे आणि ताजी स्क्वाड्रन पुढे, अशी अदलाबदल होत असे. ताज्या स्क्वाड्रन फार वेगाने गळू लागल्या आणि अदलाबदलीसाठी काही उरेना, तेव्हा त्यांनी स्क्वाड्रनचे अ, ब आणि क असे तीन वर्ग केले: अ वर्ग आग्नेय इंग्लंडमध्ये लढत राहणारा, ब वर्ग त्याच्या बदलीसाठी पूर्ण ताकदीनिशी राखलेला, आणि क वर्ग शांत भागात राहून नव्या वैमानिकांना घडवणारा व त्यांना अ वर्गाकडे पाठवणारा. खेळात दोन्ही पद्धती जमतात. हाताशी स्क्वाड्रन पुष्कळ असतील, म्हणजे १९४३ नंतरचे दोस्त राष्ट्रांचे दिवस असतील, तर संपूर्ण स्क्वाड्रन फिरवावी. स्क्वाड्रन कमी आणि वैमानिक बरे असतील, तर स्क्वाड्रन जागेवर ठेवून माणसे फिरवावीत: दमलेले अनुभवी वैमानिक राखीव साठ्यात काढावेत, तिथून प्रशिक्षणाच्या स्क्वाड्रनमध्ये घालावेत, आणि त्यांच्या जागी मधल्या फळीतले आणावेत. दुसरी पद्धत किचकट आहे, चालीला वेळ लागतो, पण जपानी बाजूला तिच्याशिवाय गत्यंतर नाही. प्रत्यक्ष युद्धात जपानने आपले उत्तम वैमानिक मरेपर्यंत आघाडीवर ठेवले आणि अमेरिकेने आपले अनुभवी वैमानिक परत नेऊन त्यांच्याकडून नवे घडवून घेतले. १९४४ पर्यंत त्याचा परिणाम आकाशात दिसू लागला.

पाचवी पायरी: मनोधैर्य

थकवा काही दिवसांत उतरतो. मनोधैर्य उतरले की वर यायला कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून दमलेल्या स्क्वाड्रनला खचेपर्यंत वापरणे हा तोट्याचा सौदा आहे. खचलेल्या स्क्वाड्रनची लक्षणे साधी आहेत: आज्ञा दिलेली असते, हवामान चांगले असते, विमाने तयार असतात, आणि तरीही ती उडत नाही किंवा थोडीच विमाने निघतात. असे दोनदा घडले की तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता ती बाहेर काढावी.

मनोधैर्य मुख्यतः नुकसानीने पडते. सोबतीच्या लढाऊ विमानांशिवाय बॉम्बफेकी विमानांना जोरदार गस्तीच्या तळावर पाठवणे, किंवा विमानभेदी तोफांच्या गराड्यात फार खालच्या उंचीवरून बॉम्ब टाकायला लावणे, अशा एका आज्ञेने महिन्याभराची कमाई जाते. उलट, खात्रीच्या आणि सोप्या लक्ष्यावरच्या दोन-चार मोहिमा सावरत्या स्क्वाड्रनला उपयोगी पडतात. मधल्या पायरीवर असताना शत्रूच्या एखाद्या एकट्या, गस्तहीन तळावर तिला पाठवावे.

स्क्वाड्रनचा नेता कोण आहे हे फारसे कोणी पाहत नाही. त्याचे नेतृत्व आणि प्रेरणा या गुणांचा आकडा कमी असेल, तर विश्रांतीनंतरही मनोधैर्य रेंगाळते. खेळात मिळणारे राजकीय गुण (पॉलिटिकल पॉइंट्स) खर्चून नेता बदलता येतो, आणि ते गुण नेहमीच अपुरे असल्याने ते कुठे खर्चावेत हा प्रश्न असतो. माझा क्रम असा: आधी लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी स्क्वाड्रन, मग आघाडीवरच्या लढाऊ स्क्वाड्रन, आणि मग वेळ उरला तर बाकीच्या. आक्रमकतेचा आकडा मोठा म्हणून एखादा नेता निवडू नये. तो स्क्वाड्रनला पुढे नेतो खरा, पण संपवूनही टाकतो.

मोठ्या बॉम्बफेकी विमानांसाठी युरोपातल्या आघाडीचा दाखला घ्यावा. इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकन आठव्या हवाई दलाने वैमानिकांसाठी आधी २५ मोहिमांची मर्यादा ठेवली होती. ती पुढे ३० आणि मग ३५ झाली. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये पहिल्या पाळीला ३० मोहिमा असत. मर्यादा आहे, ती मोजली जाते आणि ती संपते, एवढ्यावर माणसे टिकत. खेळ असा हिशेब आपोआप ठेवत नाही. वहीत प्रत्येक जड बॉम्बफेकी स्क्वाड्रनपुढे मोठ्या मोहिमांची रेघ मारत जावी आणि दहा रेघा झाल्या की तिला पंधरा दिवस मागे न्यावे. विमानवाहू जहाजांवरच्या स्क्वाड्रनचा प्रश्न सोपा आहे: जहाज बंदरात आले की त्या विसावतात, म्हणून जहाजाला वेळेवर बंदरात आणावे.

सहावी पायरी: प्रतिस्पर्ध्याला दमवणे

आपले वेळापत्रक नीट बसले की तेच हत्यार उलट वापरता येते. ग्वाडलकनालवर जपानी विमाने रात्री एकेकटी येऊन घिरट्या घालत, अधूनमधून बॉम्ब टाकत, आणि खंदकात बसलेल्या अमेरिकनांची झोप उडवत. सैनिकांनी त्यांना ‘वॉशिंग मशीन चार्ली’ असे नाव ठेवले होते. खेळातही शत्रूच्या तळावर रोज टेहळणीचे विमान पाठवावे, काही रात्री तीन-चार विमानांचा छोटा हल्ला करावा, आणि मोठा हल्ला मुळीच करू नये. प्रतिस्पर्धी घाबरून गस्तीची टक्केवारी वाढवतो आणि ती वाढलेलीच ठेवतो. आठ-दहा दिवसांनी त्याच्या गस्तीतली विमाने कमी दिसू लागली, की ताज्या स्क्वाड्रनच्या पूर्ण ताकदीने सलग दोन दिवस हल्ला करावा. पहिल्या दिवशी न जमले तरी दुसऱ्या दिवशी जमते, कारण दुसऱ्या दिवशी तोच थकलेला गडी पुन्हा उडतो.

पाळी मोडावी लागली तर

शत्रूचा ताफा किनाऱ्यावर सैन्य उतरवत असेल, किंवा आपले विमानवाहू जहाज पांगळे होऊन परतत असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून सगळे काही उडवावे. अशा दिवशी थकव्याचा विचार करणारा खेळाडू हरतो. मात्र ही सूट किती दिवसांची हे त्याच सकाळी वहीत लिहून ठेवावे. माझ्याकडे ती चार दिवसांची असते. पाचव्या दिवशी संकट टळलेले असो वा नसो, सर्वांत दमलेली एक स्क्वाड्रन मागे जाते, सहाव्या दिवशी दुसरी, आणि मधल्या तळावरची पुढे येते. मधल्या तळावरची स्क्वाड्रन पहिल्याच दिवशी खर्चून टाकली असेल तर पाचव्या दिवशी पुढे आणायला कोणी उरत नाही, म्हणून सगळे उडवतानाही तिच्या विश्रांतीची टक्केवारी ५० च्या खाली नेऊ नये. संकट संपल्यावर पाळीचा क्रम पुन्हा लावताना जी स्क्वाड्रन सर्वांत आधी लढायला गेली होती तिलाच सर्वांत लांबची विश्रांती द्यावी, आणि तिच्या वैमानिकांच्या यादीतली वरची पाच नावे पुन्हा एकदा पाहून मगच पुढची चाल पाठवावी.